एकाच शब्दावर थांबलेले आठ कागद

सई आणि निषाद, मागच्या उन्हाळ्यात मी ग्लासगोला तुमच्याकडे होते तेव्हा तुम्ही मला एक सिनेमा दाखवलात. गरीब वस्तीतली पोरंपोरी एकत्र येऊन बँड काढतात आणि अमेरिकेतल्या काळ्या गायकांची गाणी, ज्यांना सोल म्हणतात ती, आपल्या गल्लीत गातात. एके ठिकाणी ती सगळी पहिल्यांदा एका तालात येतात. तुमच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी इतकी हसले की चष्मा काढून पुसावा लागला. निषादने सिनेमा थांबवून विचारलं, "आजी, यात विनोदी काय आहे?"

तेव्हा उत्तर द्यायला बसले असते तर तुमची झोपायची वेळ टळली असती, आणि वेळा टळलेल्या मला चालत नाहीत. आता इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या व्यवसायातलं काहीतरी लिहा" म्हणून गळ घातली आहे. तेव्हा त्यांना आणि तुम्हाला मिळून हे एकच उत्तर. सईने वाचावं आणि निषादला ऐकवावं. अडेल तिथे बाबांना विचारावं.

माझं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. कोल्हापुरात राजारामपुरीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. लांबट, अरुंद हॉल, दोन ओळींत सोळा मशिनं, आणि खाली दिवसभर गिरणीची घरघर. म्हणून आमच्या खडखडाटाबद्दल कधी कुणी तक्रार केली नाही. उलट गिरणीवालेच विचारायचे, "बाई, आज तुमचं मशिन बंद हाय व्हय? लई सुनं सुनं वाटतंय."

टाइपरायटर तुम्ही संग्रहालयात पाहिला आहे, पण चालताना ऐकलेला नाही. प्रत्येक अक्षराला एक लोखंडी काडी उठते, शाईच्या फितीवर आपटते आणि परत पडते. ओळ संपत आली की घंटी वाजते. मग डाव्या हाताने दांडा ढकलायचा, की नवी ओळ. चूक झाली तर ती कागदावर राहते. पुसायची सोय नाही. आमच्या धंद्याचं सगळं तत्त्वज्ञान या शेवटच्या वाक्यात आहे.

बाहेरच्यांना वाटतं की टायपिंग म्हणजे घाई. तसं नाही. घाई करणाऱ्याच्या दोन काड्या एकाच वेळी उठतात आणि एकमेकींत अडकतात. वेग येतो तो समान अंतराने पडणाऱ्या बोटांमुळे. म्हणून मी लाकडी रूळ घेऊन टेबलावर ठोके द्यायची. एका ठोक्याला दोन अक्षरं. पाच अक्षरांचा एक शब्द मोजतात, म्हणून मिनिटाला शंभर ठोके धरले की चाळीस शब्दांचा वेग झाला, आणि सरकारी परीक्षेत तेवढाच लागतो. भिंतीवर मी स्वतः टाइप केलेले नियम होते: पाठ ताठ. मान स्थिर. नजर उताऱ्यावर, बोटांवर नाही. चपला बाहेर.

पोरं कोण यायची? उद्यमनगरातल्या फाउंड्रीत साचे भरणाऱ्यांची, इचलकरंजीच्या मागावर काम करणाऱ्यांची, हमालांची, एस.टी.च्या ड्रायव्हरांची. त्या काळी, म्हणजे नव्वदच्या दशकात, टायपिंगचं सर्टिफिकेट हा घामातून सावलीत नेणारा जिना होता. ऑफिसात पंखा असतो, एवढ्या एका कारणासाठी माझ्याकडे लोक आले आहेत.

संभा पैलवान आला तो त्याच्या तालमीच्या वस्तादांच्या आज्ञेने. गुडघा निकामी झाला होता, कुस्ती संपली होती, आणि पोलिसांत लेखनिकाची जागा निघणार होती. त्याचं एक बोट माझ्या दोन बोटांएवढं. 'ए' दाबायला गेला की 'एस'ही दबायचा. पहिल्या आठवड्यात त्याने तीन काड्या वाकवल्या.

"संभाजीराव, हळू. ते मशिन आहे, प्रतिस्पर्धी नाही."

"व्हय बाई. पर ते बी ऐकंना की!"

मग मी त्याला शिकवलं की बोट मारायचं नाही, सोडायचं. त्याला ते पटायला दोन महिने लागले. पटलं तेव्हा म्हणाला, "आधी सांगायचं न्हाई का? आमच्या कुस्तीत बी असंच असतंय."

शोभा इचलकरंजीहून सकाळच्या एस.टी.ने यायची. तिचे वडील मागावर, आई कांडी मशिनवर, म्हणजे मागाला लागणाऱ्या कांड्यांवर सूत भरायच्या कामावर. मागाच्या शेडमध्ये वाढलेली माणसं शेजारच्याशीसुद्धा पलीकडच्या गावाशी बोलावं तशी बोलतात. शोभाने पहिल्या दिवशी "बाई, आत येऊ का?" विचारलं तेव्हा खालचा गिरणीवाला "या की!" म्हणाला. तिची वेणी कमरेच्या खाली यायची. आणि मान? पहिल्या नियमापासून शेवटच्या नियमापर्यंत सगळे पाळायची, फक्त मान स्थिर राहायची नाही. ठोका पडला की मान हलायची, मान हलली की वेणी.

"शोभा, मान!"

"व्हय बाई," म्हणायची आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा तेच.

तिच्यासाठी एका सहकारी दूध संघाच्या ऑफिसात जागा राखून ठेवली होती. सर्टिफिकेट आणलं की हजर व्हायचं. नाही आणलं तर यादीतली पुढची मुलगी. तिच्या आईने, न झालं तर असावं म्हणून, आपल्या शेजारचं कांडी मशिनही तिच्यासाठी सांगून ठेवलं होतं. हे शोभाने मला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच हळू बोलली.

आता सलीम. वडील उस्मान मास्तर, वरातीच्या बँडचे मालक. मुलगा फाउंड्रीत. त्याने बँडमध्ये नको, फाउंड्रीत नको, ऑफिसात बसावं ही मास्तरांची इच्छा. एकदा माझं मनगट दुखावलं म्हणून मी रूळ त्याच्या हातात दिला. त्याने ठोका धरला आणि सोळाच्या सोळा मशिनं एका तालात चालायला लागली. मी वीस वर्षं ठोके देत होते. माझ्या ठोक्यांना विद्यार्थी घाबरायचे. त्याच्या ठोक्यांवर ते झुलायला लागले. मला थोडं वाईट वाटलं, पण रूळ मी त्याच्याकडेच ठेवला.

त्याच्या मामाने आखातातून कॅसेटी आणल्या होत्या. त्यातली एक घेऊन तो माझ्याकडे आला.

"बाई, ह्यातलं शब्द लिहून द्या की. कळंना झालंय."

मला शॉर्टहँड येत होतं. कुणी बोलेल ते खुणांच्या लिपीत भराभर टिपून घ्यायची विद्या. आयुष्यभर मी त्यात वकिलांच्या नोटिसा आणि चेअरमनांची भाषणं टिपली. त्या रविवारी एका माणसाचं रडणं टिपलं. तो बाईला विनवत होता, जाऊ नकोस म्हणत होता, आणि एकच ओळ अकरा वेळा म्हणत होता. बेळगावच्या कॉन्व्हेंटमधलं माझं इंग्रजी या माणसासमोर नाक मुरडून उभं राहिलं. मी म्हटलं, "सलीम, हा माणूस ओरडतोय."

"आमच्या घरातलीबी अशीच वरडत्यात बाई. फकस्त ह्यांचं सुरात हाय."

मी कॅसेट मागे फिरवली आणि पुन्हा पेन्सिल उचलली.

बँड असा सुरू झाला. सलीमने वडिलांचा जुना ड्रम आणला. झांज त्याने स्वतः फाउंड्रीत ओतली होती. तिचा आवाज स्वयंपाकघरात परात पडल्यासारखा यायचा. गडहिंग्लजकडचा बसवराज, भुसार दुकानदाराचा मुलगा, ट्रम्पेट फुंकायचा. मास्तरांकडून ते उसनं घेतलेलं. तो सगळ्या मुलींना 'अक्का' म्हणायचा आणि चुकलं की कानडीत देवाचं नाव घ्यायचा. संभा पैलवान हाताची घडी घालून मागे उभा राही आणि 'ऊऽऽ' एवढंच म्हणे. आणखी चौघे मिळेल ते वाजवत. आणि गायला शोभा.

मी हॉल द्यायला तयार झाले, पण अटींवर. रविवारी तीन ते पाच. मशिनांवर झाकणं. हजेरी मस्टरवर सही. ती सही त्यांनी शेवटपर्यंत केली. मला वाटतं, हजेरीपट असलेला जगातला तो एकमेव सोल बँड असेल.

नावाचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी मला 'सोल'चा अर्थ विचारला. मी म्हटलं, आत्मा.

"आत्मा बँड?" संभा म्हणाला. "मग लग्नाची सुपारी कोन देतंय? तेराव्याला बोलिवतील."

नाव शेवटपर्यंत पडलं नाही.

शोभाला मी ओळ न् ओळ म्हणून दाखवली, अर्थ सांगितला. "अगं, तो जाऊ नको म्हणतोय. विनवणी आहे. जरा मृदू."

"बाई, आमच्याकडं जाऊ नको असं मृदू म्हनत न्हाईत," ती म्हणाली आणि मागाच्या शेडमधल्या आवाजात तिने ती ओळ उचलली. खाली गिरणी चालू होती, पण मला ती ऐकू आली नाही. बसवराजचं ट्रम्पेट तोंडापाशीच राहिलं. दारात तुमचे आजोबा छत्री घेऊन मला न्यायला आले होते. ते शास्त्रीय संगीताशिवाय काही ऐकत नसत. घरी जेवताना ते म्हणाले, "त्या मुलीचा आवाज बसवा कुणीतरी. म्हणजे, बसवू नका."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. चूक पुढची, आणि ती माझी.

बँडमधली आठही पोरं परीक्षेला बसणार होती. मी पाहिलं की रविवारच्या गाण्याचा ठोका अगदी मिनिटाला शंभराच्या आसपास पडतो. मग म्हटलं, वेगळा सराव कशाला? रूळ ठेवून दिला आणि आठवडाभर सलीमला ड्रमच्या कडेवर त्याच गाण्याचा ठोका धरायला लावला. वेग पंधरा दिवसांत चढला. बाकीची सात मशिनं एका पावलाने चालायची, सात घंट्या एकदम वाजायच्या. मी दारात उभी राहून ऐकायची आणि स्वतःला शहाणी समजायची. मी त्यांना चालायला शिकवत नव्हते, कुबडी देत होते, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

परीक्षा एका रविवारी, एका शाळेत. त्या काळी मशिनं आपली आपण न्यावी लागत. ती आम्ही उस्मान मास्तरांच्या बँडच्या गाड्यावर लादून नेली. चौकातला पानवाला ओरडला, "पावणं, वरात कुनाची?" संभा म्हणाला, "आमचीच!"

इन्स्टिट्यूटच्या मालकांना आत जाता येत नसे. मी फाटकाबाहेर उभी. वेगाच्या उताऱ्याला सात मिनिटं असतात. घंटा झाली, साठ मशिनं सुरू झाली. त्या गदारोळात माझी आठ मला ओळखू येत होती, जशी गर्दीत आपली मुलं ओळखू येतात. दोन मिनिटं झाली आणि कोपऱ्यावरून वरात आली.

पुढे उस्मान मास्तर. परीक्षा कुठल्या शाळेत हे त्यांना माहीत नव्हतं; रविवारी शाळा बंद म्हणून बिचारे निर्धास्त वाजवत होते. मी दोन्ही हात हलवले. त्यांना वाटलं मी खूश झाले. त्यांनी मान लववली आणि जोर वाढवला.

आत माझी आठ मशिनं वरातीच्या ठोक्याला लागली. मला स्पष्ट ऐकू आलं. सलीम नंतर म्हणाला, "अब्बांचा हात हाय बाई. बोटं आपसूक जात्यात. मी काय करू?"

शाळेच्या शेजारी बाळंतिणींचा दवाखाना. उस्मान मास्तरांच्या बँडचा कडक रिवाज असा की दवाखान्यासमोर एक टाळीसुद्धा वाजवायची नाही. तिथे येताच त्यांनी हात वर केला आणि बँड गप्प झाला.

माझी आठही मशिनं गप्प झाली.

बाकीची बावन्न चालू होती. मी फाटकाच्या गजांना धरून उभी होते. वरात दवाखाना ओलांडून हळूहळू पुढे सरकत होती, नवरदेवाचा घोडा मध्येच अडून बसला होता, आणि माझ्या आठ पोरांचे सोळा हात हवेत होते. शेवटी पलीकडे गेल्यावर मास्तरांनी नाचाचा ठोका धरला, मगाचच्या दीडपट. आठ मशिनं उधळली.

महिन्याभराने सगळ्यांचे निकाल लागले, माझ्या आठांचे 'राखीव', म्हणजे रोखून ठेवलेले. सोबत पत्र. आठही उमेदवार एकाच क्षणी थांबले, एकाच क्षणी सुरू झाले, आणि आठही कागद 'नॉटविथस्टँडिंग' या शब्दाच्या पाचव्या अक्षरावर संपले. सबब सामूहिक गैरप्रकाराचा संशय. चौकशीसाठी अधिकारी येतील.

दूध संघाची मुदत त्या महिन्याअखेर संपत होती. शोभा पत्र वाचून म्हणाली, "जाऊ द्या बाई. कांडी मशिनला बी पंखा लावलाय आता." असं म्हणून ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

चौकशीचे साहेब आले ते उन्हाने लाल झालेले, हातात फाइल, बरोबर एक कारकून. नाव सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात त्यांची अब्रू आहे. मी मांडून सांगितलं. टायपिंगच्या परीक्षेत समोरचा उतारा जसाच्या तसा उतरवायचा असतो, त्यात कॉपी ती काय करणार?

"कागद आधीच एकाने टाइप करून आणले असतील."

"मग आठांच्या चुका वेगवेगळ्या कशा?"

"हुशार लोक चुकाही वेगळ्या करतात बाई. मी फार वर्षं हे काम करतोय."

मग मी ताल, वरात, दवाखाना, घोडा, सगळं सांगितलं. घोड्यापाशी कारकुनाने लिहिणं थांबवलं. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. निदान तुम्ही तरी."

मी कपाटातून रूळ काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "तुम्ही स्वतः ठोके द्या. उताराही तुमच्याच फायलीतला."

त्यांनी फाइलमधून इंग्रजी परिपत्रक काढलं. कार्यालयीन खुर्च्यांच्या दुरुस्तीबाबत. आठ प्रती वाटल्या. पोरं बसली. साहेबांनी रूळ असा धरला, जणू पाल धरली आहे. टक. टक. आठ मशिनं: खट-खट. खट-खट. साहेब दचकले आणि थांबले. मशिनं थांबली. साहेबांनी एकच ठोका दिला. खट-खट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारकुनाकडे पाहिलं, मग रूळ वर उचलून नुसताच हलवला, मारला नाही. एकही बोट हललं नाही.

पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मलाही पटलं नसतं. साहेबांनी कोट काढला. हळू, मग जलद, मग मध्ये आडवा ठोका. त्यांच्या गावी लहानपणी ते भजनात पखवाज वाजवत, हे त्यांनी ठोके देता देताच सांगितलं. चहा आला. त्यांनी रूळ ठेवून कप उचलला, तर खोली शांत. "अरेच्चा!" म्हणाले आणि बशी टेबलावर आपटली. खट-खट. कारकून हळूच म्हणाला, "साहेब, मी एकदा मारू का?"

"तुम्ही लिहा!"

आठही कागद परिपत्रकातल्या 'खुर्चीचा डावा हात' या शब्दांपाशी, एकाच अक्षरावर संपले.

आम्ही सगळे हसत होतो. साहेबांनी कोट घातला आणि ते पुन्हा साहेब झाले. "गैरप्रकार नाही हे मी लिहीन. पण मला उत्तीर्ण कसं करता येईल? हा वेग यांचा नाही. ठोके देणाऱ्याचा आहे. ऑफिसात यांच्यामागे कोण उभं राहून वाजवणार?"

ते बरोबर बोलत होते.

"आता दुसरा उतारा. सात मिनिटं. आवाज न करता. जे येईल ते मी धरीन." एकेकाला वेगळं बसवायला वेळ नव्हता, त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. त्यांनी खिडक्या लावल्या. पंखा कुरकुरत होता, तो बंद केला. भिंतीवरचं घड्याळ काढून कारकुनाच्या मांडीवर दिलं आणि त्यावर रुमाल टाकला. गिरणीवाल्याला निरोप गेला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा भर दुपारी चक्की थांबवली. स्वतः साहेब माझ्या खुर्चीत, पोरांकडे तोंड करून बसले. मी मागच्या भिंतीशी. शोभा अगदी पुढच्या मशिनवर एकटी, तिच्यामागे सातजण.

पुढचं सांगण्याआधी नंतरचं सांगून टाकते. तो बँड कधीच स्टेजवर चढला नाही. नोकऱ्या लागल्यावर रविवारही विस्कटले. बसवराज वडिलांच्या दुकानात गेला. पोत्यांच्या पावत्या इंग्रजीत टाइप करून देणारं गडहिंग्लजमधलं ते पहिलं दुकान. संभाने पोलिसांत इतक्या फिर्यादी टाइप केल्या की चोरसुद्धा त्याच्या कागदाचं कौतुक करत, असं तोच सांगतो. सलीम ऑफिसात लागला आणि दर लग्नसराईत रजा टाकून वडिलांच्या बँडपुढे चालायला लागला. पुढच्या दशकात कॉम्प्युटर आले. माझी सोळा मशिनं भंगारवाल्याने हातगाडीवर एकावर एक रचली. घंटी शाबूत असलेलं एक मी ठेवून घेतलं आहे. निषाद त्यावर चढून बसायचा ते हेच.

तर ती सात मिनिटं.

"सुरू करा," साहेब म्हणाले. पहिले काही क्षण फार वाईट गेले. आठ मशिनं म्हणजे पत्र्यावर गारा. कुणी कुणाच्या मागे धावतंय, काड्या अडकतायत, बसवराज कानडीत देवाला बोलावतोय. मी डोळे मिटले. वीस-बावीस वर्षांच्या माझ्या शिस्तीचा हा निकाल.

मग गारा थांबल्या. एक पाऊल लागलं. सावकाश, एकसारखं, मिनिटाला शंभराच्या जरा वर. मी डोळे उघडले. खोलीत कुणी ठोका देत नव्हतं. शोभाची पाठ ताठ होती. नजर उताऱ्यावर होती. मान स्थिर नव्हती. तिच्या आत ते गाणं चालू होतं, जाऊ नको म्हणणारं, आणि वेणी डावीकडे, उजवीकडे, डावीकडे जात होती. घड्याळाच्या लंबकासारखी. मागच्या सातांची बोटं त्या वेणीवर चालली होती. तिला स्वतःला याची गंधवार्ता नव्हती.

मी आयुष्यात एकही नियम मोडलेला नाही. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा मी डावीकडून चालते. 'शोभा, मान!' एवढे दोनच शब्द मला म्हणायचे होते. रोज म्हणत आले होते. ते जिभेवर आले आणि मी तोंड मिटून घेतलं. साहेब समोरून बघत होते, त्यांना तिचा चेहरा दिसत असणार, पाठीवरची वेणी कशी दिसणार? असा हिशेब मी केला. मुलांनो, हा तुमच्या आजीचा एकमेव गैरप्रकार. लिहून ठेवते आहे, म्हणजे नोंद राहील.

सात मिनिटं झाली. साहेबांनी कागद गोळा केले, मोजले. सगळे चाळीसच्या वर. सातजण एकाच शब्दावर थांबले होते, शोभा दोन अक्षरं पुढे. साहेबांनी ते कागद एकावर एक ठेवून पाहिले. मग फाइलवर लिहिलं: 'आठही उत्तीर्ण करण्यास हरकत नाही.' कारकुनाने घड्याळ भिंतीला परत लावलं.

"आता ते गाणं तरी ऐकवा," ते म्हणाले. मी मस्टर पुढे केलं. रविवार नव्हता, तरी आठांनी सह्या केल्या. शोभा गायली. खालून गिरणीवाला वर आला, पिठाने पांढरा, आणि चपला बाहेर काढून दारात उभा राहिला. साहेबांची गाडी चुकली.

जिना उतरता उतरता ते थांबले, वळले आणि शोभाला म्हणाले, "पोरी, एवढं ऐक. केस कापू नकोस."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. मला मागून वेणी दिसत होती, पण त्यांना समोरून सातजणांचे डोळे दिसत होते. दर ठोक्याला डावीकडे, उजवीकडे.

साहेब जिना उतरून गेले. शोभा माझ्याकडे वळली. "केसाचं काय म्हनलं ते, बाई?"

मी म्हटलं, "मशिनवर झाकण घाल आधी."